आपल्या मंडळ्या बदलतायत, पण नक्की कुठून? (नगर, वसई, जालना आणि थोडं टोरांटो)

सीनाकाठ (धागाकर्ती):

नमस्कार. इथे ख्रिस्ती वाचक मोजकेच आहेत, पण विषय कुणालाही कळेल असा आहे, म्हणून इथेच लिहितेय.

'पुरोगामी चर्च' म्हटलं की हल्ली डोळ्यासमोर येतं ते परदेशातलं, दारावर समलिंगींना पाठिंबा दाखवणारा सप्तरंगी झेंडा लावलेलं चर्च. आमच्या तरुण संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तोच वाद चालू आहे. अर्धे म्हणतात आपण शंभर वर्षं मागे आहोत, अर्धे म्हणतात ते लोक भरकटलेत. आपल्याच मंडळीत (म्हणजे चर्चच्या भाविकांच्या समुदायात) काय काय घडून गेलंय हे दोन्ही बाजूंना धड माहीत नाही, आणि माझी चिडचिड होते ती त्याने.

मी नगरची. (अहिल्यानगर झालं तरी जीभ अजून वळत नाही.) अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ला आलं, नगरला १८३१मध्ये. सिंथिया फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा, १८४२ला सुरू झालेलं 'ज्ञानोदय' नियतकालिक, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ, कारण प्रत्येक स्मरणिकेत तेवढंच छापतात. मिशनऱ्यांनी काय आणलं याची यादी झाली की आपला इतिहास संपतो. पण मंडळीच्या आतून बदल कुणी रेटला?

माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. आपल्याकडे बदल प्रवचनातून फार कमी आला. तो आला गाण्यातून, बायकांकडून आणि कोर्टातून. प्रवचनात तो शिरला सगळ्यात शेवटी.

गाण्याचं बघा. सुरुवातीला इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबलेली गीतं गायची. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, 'प्रभू'चा उच्चार चार मात्रांत ताणलेला. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईला ते परकंच वाटणार. मग नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. १९१७ला त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा! आज एखाद्या पाळकाने (पास्टरने) असा ठराव मांडून दाखवावा. १९१९ला टिळक गेले आणि दरबार विस्कटला. अभंग मात्र आपण अजून म्हणतो. गाणं ठेवलं आणि त्यामागचा माणूस जे मागत होता ते सोडून दिलं, असं मला वाटतं.

बायकांचं त्याहून ठळक. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. ते छापलं कुणी? त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्या बायकांनीच. दुष्काळातून आलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, विधवा बायका तिथे छापखान्यात खिळे जुळवत होत्या. म्हणजे वचनाचं अक्षर न् अक्षर बाईच्या बोटांखालून गेलं. रमाबाई १९२२ला गेल्या. आणि त्याच वचनावर बोलायला अभिषिक्त बाई पाळक उभी राहायला आपल्याकडे १९८०चं दशक उजाडलं.

कोर्टाकडे वळण्याआधी आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा संप्रदाय एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स. एवढे वेगळे लोक एका ताटात बसले, ही पुरोगामी गोष्ट होतीच. पण आम्ही नगरचे मूळचे काँग्रिगेशनल. आमच्यावर बिशप नव्हता. पाळक कोण हवा, पैसे कशाला लावायचे, हे मंडळी स्वतः ठरवायची. ऐक्य झालं आणि निर्णय एक मजला वर गेला. म्हणून आज बदल हवा असेल तर आधी डायोसीसच्या, म्हणजे बिशपच्या विभागाच्या, ऑफिसचा जिना चढावा लागतो.

तुमच्या मंडळीत काय बदललं, कुणी रेटलं आणि काय अजून जागचं हललेलं नाही, ते लिहा. फक्त 'सगळं प्रभूच्या इच्छेने होतं' एवढं लिहून निघून जाऊ नका.

—

वसईचा_वाडवळ:

छान धागा. पण आमच्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. आम्ही कॅथलिक, म्हणजे आमचा जिना थेट रोमपर्यंत! तरीही बदल झाला, आणि मोठा झालेला बदल वरूनच आला. १९६२ ते ६५ची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली नसती तर मिस्सा (आमची मुख्य उपासना) लॅटिनमध्येच राहिली असती. माझे आजोबा लॅटिन उत्तरं घडाघडा म्हणायचे, अर्थ विचारला तर हसायचे. मिस्सा मराठीत आली तेव्हा काही म्हाताऱ्यांना वाटलं होतं की देवाचा दर्जा उतरला.

त्यातून आमच्याकडे एक पिढीच तयार झाली. 'सुवार्ता' मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि मग १९८०च्या दशकाच्या शेवटी हरित वसईचं आंदोलन. हे नगर-पुण्याच्या वाचकांनी समजून घ्या. तिथे प्रश्न पापपुण्याचा नव्हताच. हिरवा पट्टा बिल्डरांना मोकळा करायचा की नाही, विहिरींचं पाणी टँकरने उपसून विकायचं की नाही, दहशत सहन करायची की नाही, हा होता. आणि झगा घातलेला माणूस मोर्चाच्या पुढे. त्या वेळी आमच्या घरातच दोन तट होते. काका म्हणायचे, "फादरांनी वेदी सांभाळावी." बाबा म्हणायचे, "विहीर आटली तर बाप्तिस्मा कशाने देणार?"

त्या मोर्च्यांत हिंदू शेजारीही होते. पुढे २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद फादर दिब्रिटोंकडे आलं तेव्हा विरोधाची पत्रकं निघाली. वसईत ती फारशी कुणी मनावर घेतली नाहीत, त्याचं कारण हे आहे. २०२४ला फादर गेले. आज तसं कोणी पुढे येत नाही, आणि हिरवा पट्टा किती उरलाय ते विरार लोकलच्या दारात उभं राहून बघा.

—

शंकासुर:

मी ख्रिस्ती नाही, एक बाळबोध प्रश्न. धर्मांतर करून जात गेली का? धाग्यात एवढं सगळं आलं, हेच नाही आलं.

—

गोदाकाठ:

@शंकासुर, बाळबोध नाही, हाच प्रश्न आहे. वाटच बघत होतो कोण विचारतंय.

आम्ही जालन्याकडचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री, स्वतः ब्राह्मण, त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे आलेले बहुतेक मांग-महार समाजातले. एका पाणवठ्यावर पाणी, एका बाकावर बसणं, एका प्याल्यातून प्रभुभोजन. एकोणिसाव्या शतकात ही चेष्टा नव्हती. ते श्रेय मी कधीच नाकारणार नाही.

पण प्याला एक झाला म्हणून सोयरीक एक झाली नाही. आजही स्थळ बघताना पहिला प्रश्न येतो, "मूळचे कोण तुम्ही?" दुसरा, "कुठल्या मिशनचे?" दुसऱ्या प्रश्नातही पहिलाच दडलेला असतो, हे आतल्या माणसाला बरोबर कळतं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत ठरावीक आडनावं, मिशन कंपाउंडमधल्या बंगल्यात ठरावीक घराणी, आणि खेड्यातल्या मंडळीकडे नाताळला एक दिवस बिशपसाहेबांची गाडी.

आणि सरकार दरबारी? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू. १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. माझे सख्खे चुलत चुलते बौद्ध झाले, त्यांच्या मुलांना सवलत. आम्ही शंभर वर्षं आधी ख्रिस्ती झालो, आम्हाला नाही. २००७ला रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, २०२२ला बालकृष्णन आयोग नेमला. तारखा पडतायत.

यात चर्चचं दुखणं असं की सरकारपुढे आपण म्हणतो "आमच्यात जात आहे, सवलत द्या", आणि रविवारी म्हणतो "ख्रिस्तात जात नाही." दोन्ही एकाच तोंडाने. कॅथलिक बिशपांनी निदान २०१६च्या दलित धोरणात लिहून कबूल केलं की चर्चमध्ये भेदभाव चालतो. आमच्याकडे तर हा शब्द काढला की महिला मंडळाची प्रार्थना सुरू होते.

—

निवृत्त_पाळक:

गोदाकाठ यांचा राग रास्त आहे. चाळीस वर्षं पाळकी केली, जातीवर सरळ प्रवचन किती पाळक करतात ते मला माहीत आहे. करणाऱ्याची बदली होते.

मात्र सीनाकाठताईंचं 'बदल प्रवचनातून आला नाही' हे मला अर्धंच मान्य आहे. कोर्टाचं त्यांनी नुसतं नाव घेतलं, ते मी सांगतो, कारण ते जवळून पाहिलं आहे.

आपला घटस्फोटाचा कायदा १८६९चा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र नुसत्या व्यभिचारावर सुटका नाही, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचं सिद्ध करायचं. नुसता मारतो म्हणून तर नाहीच नाही. वर जिल्हा कोर्टाने दिलेला निकाल हायकोर्टाने कायम करेपर्यंत थांबायचं. माझ्याकडे एक भगिनी यायची, दर उपासनेनंतर शेवटच्या बाकावर बसून राहायची. नवरा दारू पिऊन मारायचा, पण बाहेरख्याली नव्हता. वकिलाने तिला सांगितलं, "तो बाहेरख्याली असता तर बरं झालं असतं." मी पाळक म्हणून 'सहन कर, प्रार्थना कर' हेच सांगावं अशी कमिटीची अपेक्षा. मी तिला माहेरी जा म्हणून सांगितलं, त्यावरून माझ्याविरुद्ध अर्ज झाला.

१९९७ला मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि २००१ला संसदेने कायदा बदलला. नवरा-बायकोला सारखीच कारणं, शिवाय परस्परसंमतीची सोय. त्या आधी चर्चच्या लोकांनीही दिल्लीला मसुदे पाठवले होते, हे विसरू नये. म्हणजे कोर्टाने दार उघडलं तरी ठोठावणाऱ्यांत आपलेही होते. दत्तकाचं तसंच. आपल्याला दत्तकाचा कायदाच नव्हता, मूल घरी आणलं तरी तुम्ही कागदावर फक्त पालक. बालन्याय कायद्याने ते सुटलं. मी स्वतः दोन दत्तक लेकरांचा बाप्तिस्मा केला. एका वेळी नोंदवहीत 'आईबापाचे नाव' या रकान्यात काय लिहायचं यावर चिटणीसांनी अर्धा तास घातला होता. मी म्हटलं, ज्यांनी डायपर बदलले त्यांचं लिहा.

—

सीनाकाठ:

@निवृत्त_पाळक, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते. 🙂

—

टोरांटोची_थंडी:

इथून लिहितो. मी मूळचा पुण्याचा सीएनआयवाला, इथे युनायटेड चर्च ऑफ कॅनडात जातो. गंमत म्हणजे हेही आपल्यासारखंच, १९२५ला मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन झालेलं. यांनी १९३६ला पहिली बाई पाळक अभिषिक्त केली. १९८८ला ठरवलं की समलिंगी असणं हा पाळक होण्यात अडसर नाही. त्यावरून खूप लोक सोडून गेले, काही अख्ख्या मंडळ्या गेल्या.

तुमच्या गटातल्या दोन्ही बाजूंना इथलं सांगावंसं वाटतं. आमच्या इथे रविवारी पन्नासेक डोकी, त्यातली बहुतेक पांढरी. पण त्याच इमारतीच्या तळघरात बुधवारी गरजूंसाठी जेवण असतं, निर्वासित कुटुंबांना घर मिळवून द्यायचं काम चालतं, आणि तिथे चाळीस स्वयंसेवक येतात, त्यातले निम्मे कधी उपासनेला फिरकत नाहीत. याला मंडळी मेली म्हणायचं की बदलली?

इथली बहुतेक मराठी ख्रिस्ती कुटुंबं मात्र इकडे येत नाहीत. ती पेंटेकॉस्टल किंवा इव्हँजेलिकल चर्चला जातात. तिथे तरुण आहेत, ड्रम आहे, आणि मुलांना 'जगासारखं होऊ नका' असं सांगतात. परदेशात आलेल्या आईबापांना तेच हवं असतं.

—

वसईचा_वाडवळ:

ड्रम इथेही आलाय. वसई रोडच्या आसपास भाड्याच्या हॉलमधल्या फेलोशिप वाढल्यात, आमची पोरं जाऊन येतात. कारण विचारलं तर "तिथे कोणी नाव विचारून लक्षात ठेवतं" म्हणाली. आमच्या धर्मग्रामात (एका चर्चखालच्या पॅरिशमध्ये) हजारो लोक, फादर तरी किती जणांना ओळखणार.

—

केळवण_आणि_केळी:

वसईच्या बाईचं पण ऐका जरा, वाडवळदादा नेहमी मोर्च्यापर्यंतच सांगतात.

माझ्या लहानपणी वेदीवर मुली नव्हत्या. १९९४ला रोमने परवानगी दिली तरी आमच्याकडे मुली वेदीसेवक व्हायला बरीच वर्षं गेली, कारण 'लोकांना आवडणार नाही.' कोणत्या लोकांना ते कधी कळलं नाही. २०१६ला पवित्र गुरुवारच्या पायधुणीत (येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत फादर भाविकांचे पाय धुतात तो विधी) बायकांचेही पाय धुता येतील असा आदेश आला. आमच्या ओळीतल्या एका मावशीला बोलावलं. वसईतल्या कुपारी समाजातली मावशी, लाल लुगडं, जन्म वाडीत पायांनी चिखल तुडवण्यात गेला. फादर वाकले तसे तिने पाय मागे घेतले, म्हणाली, "राहूं द्या, भेगा हत." फादरांनी पाय हातात धरला तो धरलाच. त्या दिवशी गायनमंडळाचा सूर कोसळला, निम्म्या रडत होत्या. असले बदल मला धोरणाच्या कागदांपेक्षा जास्त कळतात.

पण तीच मावशी पॅरिश कौन्सिलमध्ये बोलायला उभी राहिली तर? तिथे अजून "तुम्ही नाश्त्याचं बघा." भारतातल्या कॅथलिक बिशपांचं स्त्रियांविषयीचं धोरण २०१०पासून कागदावर आहे. आमच्या कौन्सिलमध्ये ते किती जणांनी वाचलंय ते मी विचारलं होतं. उत्तर म्हणून चहा आला.

आणखी एक बदल कोणी लिहिला नाही, कबरींचा. जागा नाही. पूर्वी घराण्याची कबर, वर संगमरवर, बाजूला देवदूत. आता ठरावीक वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला. काही ठिकाणी लाकडी पेटी न वापरता पांढऱ्या सुती कापडात मातीला देतात, झाड वाचतं आणि माती लवकर मोकळी होते. दहनाला तर चर्चने १९६३लाच परवानगी दिली आहे, पण आमच्या घरात ते वाक्य उच्चारलं तर सासूबाई ताटावरून उठतील.

—

जुनीच_वाट:

सगळं वाचलं. बायका, जात, कायदा, ठीक आहे. पण टोरांटोवाल्यांचं ते समलिंगी पाळक वगैरे इथे आणू नका. वचनात स्पष्ट लिहिलंय. उद्या काहीही मान्य कराल.

—

टोरांटोची_थंडी:

वचनात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असंही स्पष्ट लिहिलंय. २०१३ला दक्षिणेत सीएसआयने (चर्च ऑफ साउथ इंडियाने) पुष्पा ललिता यांना बिशप केलं, २०२४ला आपल्या सीएनआयमध्ये व्हायोलेट नायक झाल्या. तेव्हा तुम्ही काय केलं?

—

जुनीच_वाट:

ते वेगळं.

—

निवृत्त_पाळक:

जुनीच_वाट, तुम्हाला उपदेश करत नाही. एवढंच सांगतो की मुंबईचे कार्डिनल ग्रेशस यांनी २०१३लाच म्हटलं होतं की अशा व्यक्तींना गुन्हेगार ठरवू नये. चर्चची लग्नाबद्दलची शिकवण त्यांनी बदलली नव्हती, तरी म्हटलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा ३७७ कलमाचा भाग सुप्रीम कोर्टाने २०१८ला काढला. आणि माझ्या पाळकीत दोन मुलगे माझ्याकडे येऊन हे बोलले, एक आता जिवंत नाही. त्याच्या आईला मी कुठलं वचन वाचून दाखवावं ते तुम्ही सांगा, मी वाचेन.

—

संपादक मंडळ:

चर्चा चांगली चालली आहे. वैयक्तिक शेरेबाजी असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

—

शंकासुर:

एक बाहेरचं निरीक्षण. गाण्याची चाल, मिस्सेची भाषा, पायधुणी, यावर तुम्ही सगळे भरभरून लिहिताय. पैसा आणि जमीन यावर कोणीच नाही. आमच्या देवस्थान ट्रस्टमध्येही अगदी हेच असतं, म्हणून विचारतोय.

—

सीनाकाठ:

@शंकासुर, तुम्ही फार अवघड जागी बोट ठेवता.

खरं आहे. मिशनऱ्यांनी मागे ठेवल्या त्या शाळा, दवाखाने आणि शहराच्या मध्यावरच्या जमिनी. त्या ट्रस्टांच्या नावावर. भाषा बदलायला कोणाच्या खिशाला चाट बसत नाही, म्हणून ती बदलली. बाई पाळक झाली तरी ट्रस्टी तेच राहतात, म्हणून तेही झालं. गोदाकाठ म्हणतात ती जात आणि तुम्ही म्हणता ती जमीन, या दोन गोष्टी एकाच कपाटात आहेत आणि किल्ली ठरावीक घराण्यांत फिरते. आमच्या मंडळीत खटल्याच्या वकिलाची फी दानपेटीतून जाते आणि किती जाते हे विचारणारा 'मंडळीत फूट पाडणारा' ठरतो. टोरांटोला पुरोगामी असणं म्हणजे काय ते ते बघतील. नगरला माझ्या मते त्याची सुरुवात हिशेबाचा कागद फलकावर लावण्यापासून होते.

वार्षिक सभेत तीन मागण्यांचा एकच ठराव मांडायचं ठरवलंय. ताळेबंद फलकावर, पंचकमिटीत निम्म्या बायका, आणि खेड्यातल्या मंडळ्यांना शहरातल्यांइतकंच मत. गटावर टाकला तर आठ अंगठे आले, त्यातले सहा बायकांचे. पाळकसाहेबांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ मला लागलेला नाही.

—

केळवण_आणि_केळी:

हात जोडले म्हणजे 'माझं नाव घेऊ नका'. आमच्या फादरांचंही तेच चित्र.

—

निवृत्त_पाळक:

ताई, तीन मागण्यांचे तीन वेगळे ठराव करा. एकत्र मांडलात तर मतदानाच्या अटीवर हरकत घेतील आणि तिन्ही पडतील. हिशेबाचा आधी मांडा, त्याला विरोध करताना माणसाला तोंड लपवावं लागतं. नोटीस लेखी द्या आणि पोच घ्या.

—

गोदाकाठ:

आणि अनुमोदक आधी पक्का करा. आमच्याकडे गेल्या सभेत मी सूचक म्हणून उभा राहिलो, वळून बघतो तर अनुमोदक बिशपसाहेबांना नारळपाणी आणायला गेलेले.